यादीत नसलेलं विष

बायको काय करते असं कुणी विचारलं, की पूर्वी मी ‘सरकारी नोकरी’ एवढं बोलून मोकळा व्हायचो. खरं सांगितलं की पुढचे प्रश्न ठरलेले. पोलिसांनी पकडलेली नशेची पावडर तपासते? बाप रे! मग थोडी घरी पण येत असेल की! असं म्हणून तो माणूस स्वतःच्याच विनोदावर हसायचा. ही तिथे असली तर चष्म्याच्या वरून त्याच्याकडे एकदा बघायची. त्यानंतर सहसा दुसरा विनोद होत नसे.

आता मात्र मी सगळं सविस्तर सांगतो. विचारलं नाही तरी सांगतो. मी सिटी बसचा ड्रायव्हर, अठ्ठावीस वर्षं सात नंबरच्या रूटवर आहे. माझ्या मागच्या बाकांवर बसणाऱ्या निम्म्या लोकांना ही हकिगत एव्हाना तोंडपाठ झाली असेल. तरी सांगतो. बायकोचं कौतुक करायला अठ्ठावीस वर्षं उशीर झालाय, आता कुणी अडवू नये.

ही रंगाऱ्याची मुलगी. वडिलांचं कपडे रंगवायचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागच्या खोलीत तीन मोठी पिंपं आणि भिंतीवरच्या फळीवर रंगांचे डबे. वडिलांचे हात कोपरापर्यंत कायम निळे किंवा तांबडे. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून डब्यांवरची नावं वाचून दाखवायचं काम हिचं. आठ वर्षांची असताना हिने एकदा घाईत नावातलं एक अक्षर चुकीचं वाचलं आणि अख्खा तागा जांभळा व्हायचा तो मातकट झाला. वडील ओरडले नाहीत. ‘पुन्हा वाच,’ एवढंच म्हणाले. ते ‘पुन्हा वाच’ हिच्या हाडात जे बसलं ते बसलंच. लग्नानंतर पहिल्या महिन्यात मी लिहिलेली वाणसामानाची यादीसुद्धा हिने दुरुस्त करून दिली होती. जिऱ्याची वेलांटी चुकली होती.

रसायनशास्त्र शिकून ही राज्याच्या तपासणी प्रयोगशाळेत लागली. जुन्या इमारतीचा दुसरा मजला, खिडक्यांना जाळी, जिन्यात कायम कसला तरी आंबूस वास. पोलिसांकडून लाखेची मोहोर लावलेली पाकिटं येतात. ही मोहोर तपासते, वजन करते, मग नमुना यंत्रात घालते. ते यंत्र कागदावर डोंगररांगेसारखी रेघ काढतं आणि त्या डोंगरांवरून आत कोणता पदार्थ आहे ते कळतं. वजनकाटा काचेच्या पेटीत ठेवलेला असतो, कारण जवळ उभं राहून कुणी जोरात श्वास सोडला तरी आकडा हलतो. शेवटी अहवाल. तीन-चार ओळींचा, खाली हिची सही. तो कोर्टात जातो आणि त्यावर माणूस आत जातो किंवा बाहेर राहतो.

नऊ वर्षांपूर्वी ती पाकिटं यायला लागली. चकचकीत, वर हिरवा पोपट, नाव ‘निवांत’. खाली बारीक अक्षरांत छापलेलं, ‘खोलीत सुवास पसरवण्यासाठी. सेवनासाठी नाही.’ सिगारेटच्या दुकानांत, च्युइंगगमच्या बरणीशेजारी उघड मांडलेली असायची. आत कुटलेला वाळका पाला. पाला साधाच होता, पण त्यावर कुठल्याशा कारखान्यात बनवलेलं एक रसायन फवारलेलं होतं. लोक ते सिगारेटसारखं ओढायचे. सरकारी दवाखान्यात रोज कुणी ना कुणी यायचं. कुणाला फिट्स, कुणाचं हृदय दोनशेच्या वेगाने धडधडतंय, कुणी भिंतीशी बोलतंय.

ते रसायन ओळखायला हिला अकरा दिवस लागले. ओळखल्यावर हिने कायद्याचं पुस्तक उघडलं. बंदी घातलेल्या पदार्थांची मागे यादी असते, तिला अनुसूची म्हणतात. त्या यादीत या पदार्थाचा मोठा भाऊ होता, हा नव्हता. नावात फक्त एका आकड्याचा फरक. हिने अहवालात शेवटची ओळ लिहिली: ‘तपासलेला पदार्थ कायद्याच्या अनुसूचीत समाविष्ट नाही.’ पाकिटं विकताना पकडलेला दुकानदार सुटला.

पुढच्या वर्षी विधानसभेने ते नाव यादीत घातलं. आम्हाला वाटलं, संपलं. विसाव्या दिवशी नवीन पाकिटं आली. तोच पोपट, तेच नाव, रसायन वेगळं. कायद्याच्या पानावरची शाई वाळायचीही त्यांनी वाट बघितली नव्हती.

“इतक्या लवकर त्यांना कळतं कसं?” मी विचारलं.

“ते आपल्यापेक्षा कायदा नीट वाचतात,” ही म्हणाली.

माझ्या काही ते डोक्यात शिरेना. तेव्हा हिने माझ्या भाषेत सांगितलं. “समजा, उद्या सरकारने तुमच्या सात नंबरच्या बसवर बंदी घातली. परवा तुम्ही पाटी बदलून साडेसात लावलीत. बस तीच, ड्रायव्हर तोच, रस्ता तोच. पण बंदी फक्त सातवर.”

“साडेसात नंबर कुठे असतो?”

“तेच म्हणतेय मी. तो पदार्थसुद्धा काल कुठे होता?”

अशी तीन वर्षं गेली. आकडे बदलत राहिले, अहवालातली शेवटची ओळ तीच. एक इन्स्पेक्टर होता, उंच, घाईत बोलणारा. त्याने महिनाभर पाळत ठेवून एका मोठ्या विक्रेत्याला गोदामासकट पकडलं होतं. तो स्वतः प्रयोगशाळेत आला.

“मॅडम, एका आकड्याचा तर फरक आहे. जुनंच नाव टाका. कोण बघतंय?”

“मी बघतेय,” ही म्हणाली.

“अहो, तो सुटेल! माझी पोरं महिनाभर उन्हात उभी होती.”

“तो यादीमुळे सुटेल. मी खोटं लिहिलं तर मात्र माझ्यामुळे सुटेल, आज नाही तर उद्या. आणि मग मी खरं लिहिलेलंही कुणी मानणार नाही.”

इन्स्पेक्टर टोपी डोक्यावर आपटून निघून गेला. जाताना दारात कुणालातरी म्हणाला, “चालू द्या तुमच्या बिनचूक बाईंचं!” ते नाव चिकटलं. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे मागे हिला बिनचूक बाई म्हणायला लागले, आणि त्यात कौतुक नव्हतं. हिला माहीत होतं. घरी येऊन सांगितलं तेही हसत, पण त्या दिवशी हिने जेवताना आमटीत दोनदा मीठ घातलं.

खरा घाव त्यानंतर बसला. तो विक्रेता सुटल्याचा निकाल लागून पंधरा दिवस झाले असतील. एक सुतार प्रयोगशाळेच्या फाटकावर आला. पन्नाशीचा, कानामागे पेन्सिल तशीच. हातात निकालाची प्रत, आणि तिला जोडलेला हिचा अहवाल.

“ही सही तुमची?”

“हो.”

“मग एकदा माझ्या मुलीला बघायला चला.” तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं ही नंतर म्हणाली.

रविवारी आम्ही दोघं गेलो. सुताराची मुलगी बावीस वर्षांची, टपाल कार्यालयात पत्रं लावायची. अख्ख्या शहराचे पत्ते तिला पाठ, नुसतं आडनाव सांगितलं तरी गल्ली सांगायची, असं सुतार म्हणाला. मैत्रिणीकडे एकदाच, गंमत म्हणून, तिने पोपटवाल्या पाकिटातला पाला ओढला होता. तासभर फिट्स थांबल्या नाहीत. जीव वाचला, पण डोक्यातलं बरंच काही पुसलं गेलं. आता तिला स्वतःची गल्ली आठवत नव्हती. सुताराने पत्रांची रिकामी पाकिटं जमवून तिच्यापुढे ठेवली होती, हाताला सवय राहावी म्हणून. ती ती पाकिटं रंगाप्रमाणे लावत होती. पांढरी इकडे, पिवळी तिकडे. मधेच तिने मान वर करून हिला विचारलं, “तुम्ही कुठे राहता?” हिने पत्ता सांगितला. मुलीने हातातलं पाकीट उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाली, “मला माहीत असायला हवं होतं.”

घरी येऊन ही घडी घातलेले कपडे काढून पुन्हा घडी घालत बसली. मी चहा करून दिला, तो तसाच गार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला उठून बघतो तर ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेली. आमच्या लेकीच्या जुन्या शाळेच्या वहीत, मागच्या कोऱ्या पानांवर काहीतरी लिहीत होती.

“काय लिहितेस?”

“यादीवर औषध.”

रोज पहाटे तासभर, असं दोन महिने चाललं. एकोणीस पानं झाली. हिचं म्हणणं असं: नावांवर बंदी घालू नका. या सगळ्या पदार्थांचा मधला गाभा एकच असतो, फक्त त्याला तीन जागी वेगवेगळ्या शेपट्या लावतात. गाभ्यावर बंदी घाला आणि कोणत्या जागी कोणती शेपटी लावली तरी ती बंदीतच येईल असं लिहा. कुणी गाभाच बदलला तर आरोग्य खात्याला ताबडतोब तात्पुरती बंदी घालता यावी आणि विधानसभेने पुढच्या अधिवेशनात ती तपासावी. औषधं आणि परवानगी घेतलेलं संशोधन यातून वगळावं. आणि पाकिटावर ‘सेवनासाठी नाही’ असं छापलं म्हणून कुणी सुटू नये.

प्रयोगशाळेचे साहेब पापभीरू माणूस, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्यांनी एकोणीस पानं हातात तोलून बघितली. “बाई, वर दोन पानांच्या पुढे कुणी वाचत नाही.”

एकोणिसाची दोन करायला हिला आणखी महिना लागला. साहेबांनी ती वर पाठवली. उत्तर आलं, ‘आपली सूचना नोंदवून घेतली आहे.’ सहा महिन्यांनी स्मरणपत्र पाठवलं. ‘आपली सूचना नोंदवून घेतली आहे.’ तिसऱ्यांदाही तेच आलं. मी म्हटलं, जाऊ दे, तू तुझं केलंस. ही म्हणाली, “नोंदवून घेतली म्हणतात ना? म्हणजे कागद कुठेतरी आहे. फाडला तर नाही!” या बाईची आशा कशावर जगेल सांगता येत नाही.

पण तसंच झालं. एक आमदारबाई होत्या, राजकारणात येण्याआधी सतरा वर्षं दवाखान्यात परिचारिका होत्या. फिट्स आलेली पोरं त्यांनी स्वतःच्या हातांनी धरून ठेवलेली. आरोग्य समितीवर नेमणूक झाल्यावर त्यांनी जुन्या फायली मागवल्या आणि त्या ढिगात हिची दोन पानं त्यांना सापडली. त्यांनी थेट प्रयोगशाळेत फोन लावला.

“हे तुम्ही लिहिलंय?”

“हो.”

“बाकीचं कुठे आहे? हे कशातून तरी कापलेलं दिसतंय.”

“त्या एका वाक्यावर माझा त्या बाईंवर विश्वास बसला,” असं ही अजून म्हणते.

समितीपुढे गुरुवारी अकराला बोलावलं. मी रजा टाकून सोबत गेलो. विधानसभेची इमारत माझ्या रूटवरच. दिवसातून दहा वेळा तिच्यापुढे ब्रेक मारतो, पण पायऱ्या चढलो नव्हतो कधी. ही कोर्टात साक्षीला जाताना घालते तो करडा कोट घालून निघाली, खांद्याला कापडी पिशवी. आत लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, बोलायला लागलं की लाल दिवा लागणारे माइक. अध्यक्ष म्हणजे एक वयस्क वकील, डोळे अर्धे मिटून ऐकणारे. हिच्या आधी दोन प्राध्यापक बोलून गेले होते आणि खोलीला सुस्ती आली होती. एक सदस्य चक्क फोनवर काहीतरी चाळत होते.

हिने भाषण केलं नाही. पिशवीतून अहवालांचा गठ्ठा काढला आणि म्हणाली, “मी फक्त तारीख आणि शेवटची ओळ वाचते.”

मग हिने वाचलं. तारीख. ‘तपासलेला पदार्थ कायद्याच्या अनुसूचीत समाविष्ट नाही.’ पुढची तारीख. ‘तपासलेला पदार्थ कायद्याच्या अनुसूचीत समाविष्ट नाही.’ तिसरी, चौथी, पाचवी. आवाज चढा नाही की पडेल नाही, दुकानात डब्यांवरची नावं वाचल्यासारखा. नवव्या अहवालाला त्या सदस्यांनी फोन पालथा ठेवला. चौदावा झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, “आलं लक्षात, बाई. आता पुढे काय ते सांगा.”

“अजून तेवीस आहेत, साहेब.”

अध्यक्षांनी डोळे पूर्ण उघडले. “वाचा,” ते म्हणाले.

हिने सदतीसच्या सदतीस वाचले. मागच्या भिंतीशी मी उभा होतो. बसायला खुर्ची होती, पण बसवेना.

मग प्रश्न सुरू झाले. रंग आणि रसायनं बनवणाऱ्या कारखानदारांचे प्रतिनिधी आले होते. ते म्हणाले, “अशी सरसकट बंदी घातलीत आणि आमच्या कारखान्यातलं एखादं रसायन त्यात सापडलं तर? आम्ही काय तुरुंगात जायचं?”

मला वाटलं, आता ही चिडणार. ही म्हणाली, “तुमची शंका बरोबर आहे. तुमच्या संघटनेच्या पुस्तकातली दोनशे बारा रसायनं मी एकेक तपासली. दोन सापडतात. त्यांच्यासाठी सूट लिहून आणली आहे.” आणि कागद पुढे सरकवला. “माझे वडील रंगारी होते, साहेब. रंगाच्या धंद्याच्या पोटावर मी पाय देणार नाही.”

एका तरुण सदस्याने विचारलं, “पण उद्या त्यांनी तुमचा तो गाभाच बदलला तर?”

“बदलतील. म्हणूनच तात्पुरत्या बंदीचं कलम आहे.”

“म्हणजे हा कायमचा उपाय नाही, हे तुम्हाला मान्य आहे?”

“मान्य आहे. कायमचा उपाय आहे असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. आज ते पळतात आणि आपण मागून चालत जातो. आपल्यालाही पळता यावं, एवढीच मागणी आहे.”

समितीने विधेयक आणायची शिफारस केली. मसुदा लिहायचं काम एका जुन्याजाणत्या अधिकाऱ्याकडे आलं. आमच्या घरी त्यांना मसुदेवाले म्हणतात. कानाला यंत्र, शर्टाच्या खिशात तीन पेनं, आणि स्वल्पविरामावरून भांडायची तयारी. ते जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन प्रयोगशाळेत यायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, “बाई, मला रसायन कळत नाही.” ही म्हणाली, “मला कायदा कळत नाही.” “मग जमेल,” ते म्हणाले. तीन महिने दोघं एका टेबलावर बसून एकेका शब्दाचा कीस काढत होते. ही घरी येऊन सांगायची, “आज ‘तत्सम’ काढलं आम्ही!” जणू काही घरातली पाल काढली.

मग आला अंतिम वाचनाचा, म्हणजे शेवटच्या चर्चेचा आणि मतदानाचा दिवस. छापील विधेयकाची प्रत आदल्या संध्याकाळी प्रयोगशाळेत आली होती, ती हिच्या हातात पडली सकाळी. एक काम पलीकडच्या टोकाच्या कोर्टात होतं, म्हणून ही माझ्याच बसमध्ये चढली आणि माझ्या मागच्या सीटवर वाचत बसली. शंभर वेळा वाचलेला मजकूर. मी आरशात बघितलं. हिचं बोट ओळींवरून सरकत होतं. एका जागी थांबलं. मागे गेलं. पुन्हा थांबलं.

“अहो, बस थांबवा!”

“अगं, इथे स्टॉप नाही.”

“थांबवा म्हणतेय ना!”

मी थांबवली नाही. अठ्ठावीस वर्षांत स्टॉप सोडून बस थांबवलेली नाही, आणि हे वळण मला लावलं कुणी? हिनेच. पुढचा स्टॉप विधानसभेचाच होता, चारशे मीटरवर. ही दाराशी जाऊन उभी राहिली, बोट त्या पानात तसंच अडकवलेलं. दार उघडल्याबरोबर उतरली आणि पळत सुटली. एक्कावन्न वर्षांची बाई, डाव्या गुडघ्याला पट्टा. मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्या आजींनी मला विचारलं, “भांडलात का रे सकाळी सकाळी?”

“माझ्याशी नाही भांडली,” मी म्हटलं. कुणाशी, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

झालं होतं असं. कलम चार, ओळ सहा. गाभ्याला पहिल्या जागी, दुसऱ्या जागी ‘किंवा’ तिसऱ्या जागी बदल केलेला पदार्थ, असं लिहायचं ठरलं होतं. मसुदेवाल्यांच्या हाताने लिहिलेल्या कागदावर तसंच होतं. छपाईसाठी पुन्हा टाइप करताना कुणीतरी ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ टाकलं. दोन अक्षरांचा शब्द. पण ‘आणि’ म्हटलं की तिन्ही जागी एकाच वेळी बदल असेल तरच बंदी. सदतीसपैकी एकही पदार्थ त्यात सापडला नसता. पोपटवाल्यांनी पेढी उघडून बसायचं तेवढं बाकी राहिलं असतं.

ही धापा टाकत मसुदेवाल्यांच्या खोलीत शिरली आणि त्यांच्यापुढे पान उघडून बोट ठेवलं. त्यांनी वाचलं. चेहरा पांढराफटक. कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. मग उठले, म्हणाले, “चला, बाई. अजून पंचवीस मिनिटं आहेत.” दोघांनी आमदारबाईंना जिन्यातच गाठलं.

मी ती फेरी पूर्ण करून डेपोत गेलो. काय चाललंय ते मला माहीत नव्हतं, पण ही अशी पळाली म्हणजे काहीतरी मोठं असणार. डेपो मॅनेजरला म्हटलं, अर्धा दिवस द्या. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि कारण विचारलं नाही. प्रेक्षकांच्या सज्जात पोचलो तेव्हा आमदारबाई उभ्या होत्या.

“कलम चार, ओळ सहा,” त्या म्हणाल्या. “‘आणि’ऐवजी ‘किंवा’ अशी दुरुस्ती मी मांडते.”

समोरून कुणीतरी हसून म्हणालं, “एका शब्दासाठी सभागृहाचा वेळ?”

“या एका शब्दावर सदतीस प्रकरणं उभी आहेत,” आमदारबाई म्हणाल्या. “सन्माननीय सदस्यांना हवी असतील तर ती वाचून दाखवणारी बाई बाहेर बसली आहे. तिला घाई नाही.”

समितीतले होते ते सगळे एकदम हसले. दुरुस्ती मंजूर झाली. मग विधेयक मताला आलं. बाजूने एक्याऐंशी, विरोधात सहा. सज्जात टाळ्या वाजवायला परवानगी नाही. माझ्या शेजारी कुणीतरी होतं, त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून घट्ट दाबला. बघतो तर सुतार. कुणी कळवलं होतं त्याला, कोण जाणे. समितीचे अध्यक्ष शेवटी उठून म्हणाले, “प्रयोगशाळेतल्या एका तपासनीस बाईंचं हे सभागृह ऋणी आहे.” नाव घेतलं नाही त्यांनी. मला सज्जातून ओरडून सांगावंसं वाटलं. तोंड दाबून बसलो.

बाहेर आलो तर ही पायऱ्यांवर उभी, कपाळाला आठ्या. मी म्हटलं, “अगं, झाला कायदा!”

“झाला ना. पण कोर्टातली तारीख गेली माझी. त्या न्यायाधीशांना काय सांगू?” आणि मग, त्या पायऱ्यांवर, इतक्या लोकांसमोर, हिने माझा हात धरला. फार नाही, सिग्नल सुटेपर्यंत. मग प्रयोगशाळेत निघून गेली.

कायदा पहिल्या तारखेपासून लागू झाला. त्या आठवड्यात शहरातल्या काउंटरांवरून पोपट दिसेनासे झाले. दवाखान्यात महिन्याला चाळीसच्या घरात येणारे रुग्ण वर्षअखेरीस तीन-चारवर आले. पाचव्या महिन्यात एकाने नवी शेपटी लावून माल आणलाच. या खेपेला तो कायद्यात बसला. त्याच्या वकिलाने हिची साडेतीन तास उलटतपासणी घेतली. हे रसायन तर जगात नवीन आहे, मग जुन्या कायद्यात कसं, असं त्याने दहा तऱ्हांनी विचारलं, आणि हिने दहाही वेळा कलम चारमधली तीच ओळ वाचून दाखवली. शिक्षा झाली. ती बातमी द्यायला तोच इन्स्पेक्टर स्वतः आला, आता केस पिकलेले. प्रयोगशाळेच्या दारात टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, “बिनचूक बाई आहेत का?”

सगळं गोड झालं असं सांगत नाही. सुताराची मुलगी पहिल्यासारखी झाली नाही. सकाळचे तीन तास टपाल कार्यालयात जाते, पत्रांवर शिक्के मारते. काही गल्ल्या परत आल्यात, काही नाही. गाभा बदललेला मालही एकदा आलाच. तात्पुरती बंदी घालायला नऊ दिवस लागले. पूर्वी वर्ष जायचं. तरी त्या नऊ दिवसांत एक तरुण बस कंडक्टर गेला. आमच्याच डेपोचा. त्याच्या बातमीची कात्रणं ही टेबलाच्या खणात ठेवते.

आता दुसऱ्या राज्यांतून हिला फोन येतात. दोन राज्यांनी आमचाच मसुदा घेतलाय, ‘किंवा’सकट. गेल्या महिन्यात ठिकठिकाणच्या चाळीस तपासनीसांना शिकवायला हिला बोलावलं होतं. आदल्या रविवारी हिने मला खुर्चीत बसवलं आणि सगळं माझ्यापुढे म्हणून दाखवलं. तासभर मी हललो नाही. शेवटी म्हणाली, “विचारा काहीतरी. तिथे विचारतील.”

मी म्हटलं, “सगळं कळलं. पण एखादी नवीन मुलगी पहिल्या दिवशी कामावर आली, समोर कधी न बघितलेलं पाकीट आलं, तर तिने सगळ्यात आधी काय करायचं?”

हिने चष्मा काढून पुसला. मग पेन घेतलं आणि पहिल्या पानाच्या वर, समासात वडिलांचे दोन शब्द लिहिले, ‘पुन्हा वाच’.

“चांगला प्रश्न आहे,” म्हणाली. “हे राहिलंच होतं.”

सोमवारी डेपोत मी हे सगळ्यांना सांगितलं. कंट्रोलर म्हणाला, गाडी काढ, उशीर होतोय. मी गाडी काढली, आणि पहिल्या स्टॉपवर चढलेल्या माणसाला पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लागलो.